घरकुलाआधी जागा : गावाचे गृहनियोजन आणि ग्रामपंचायत

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गरजांची नावे नेहमी एका दमात घेतली जातात. परंतु त्यांच्यात एक मोठा फरक आहे. धान्य एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते, कापडाचा गठ्ठा गाडीत भरता येतो; निवाऱ्याला मात्र जमीन लागते, आणि ती त्याच गावात लागते. पहिल्या दोन गरजा शिधावाटप आणि बाजार यांच्या साह्याने पुष्कळ अंशी भागविता आल्या, तरी तिसऱ्या गरजेचे उत्तर प्रत्येक गावाला आपल्याच शिवारात शोधावे लागते. दिल्लीहून किंवा मुंबईहून अनुदान येऊ शकते. जागा येऊ शकत नाही.

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधणे ही एका कुटुंबाच्या आयुष्यातील केवढी मोठी जोखीम आहे, ते या म्हणीत सांगितलेले आहे. मात्र ज्याच्याजवळ घर बांधण्यापुरती भुई आहे, त्याच्याच अनुभवातून ती आली आहे. ज्याच्या पायाखालची भुई दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याची अडचण या म्हणीच्याही अलीकडे सुरू होते. गावाच्या गृहनियोजनाची खरी कसोटी तेथे लागते.

जुना प्रश्न, बदलती उत्तरे

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण घरबांधणीकडे शासनाने पहिल्या दशकातच लक्ष दिले. १९५७ साली केंद्र शासनाने ग्रामीण गृहनिर्माण प्रकल्प योजना सुरू केली. तिचा भर कर्जावर होता. कर्जासाठी तारण आणि परतफेडीची ऐपत लागत असल्याने ती शेतमजुरापर्यंत फारशी पोहोचू शकली नाही. या अनुभवातून १९७१ साली ग्रामीण भागातील भूमिहीन मजुरांना घरासाठी जागा देण्याची योजना आली, आणि पाचव्या पंचवार्षिक योजनेत किमान गरजा कार्यक्रमात तिचा समावेश झाला. घरापूर्वी जागा दिली पाहिजे हा विचार अशा रीतीने अर्धशतकाहून जुना आहे.

पुढे १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. आरंभी ती रोजगाराच्या कार्यक्रमाचा एक भाग होती. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, करण्यात आले आणि त्यात स्वयंपाकाच्या जागेचाही विचार झाला. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये असे साहाय्य ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२८-२९ पर्यंत आणखी दोन कोटी घरांना मान्यता दिली. राज्यात याच्या जोडीला अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास आणि अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास योजना आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. कातकरी, कोलाम व माडिया गोंड या आदिम जमातींच्या घरांनाही १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानाचे बळ मिळाले.

योजनांची संख्या पाहता पैशाची वाट पूर्वीइतकी बंद राहिलेली नाही. अशा वेळी अनेक गावांत मंजूर झालेले घरकुल उभे का राहत नाही, हा प्रश्न प्रत्येक पंचायत सदस्याने स्वतःला विचारावयास हवा. त्याचे उत्तर बहुधा दोन ठिकाणी सापडते : अपुऱ्या यादीत आणि नसलेल्या जागेत. या दोन्ही गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याचे जे विषय नमूद केले, त्यांत दहावा विषय 'ग्रामीण गृहनिर्माण' हाच आहे. घरकुलांची यादी वरून येते आणि पैसा थेट खात्यात जातो, तेव्हा आपले काम केवळ सहीपुरते आहे, असा समज करून घेणाऱ्या पंचायतीने हा दहावा विषय पुन्हा वाचावा.

यादी : कोण मोजला गेला आणि कोण सुटला

गावाची गरज ठरविण्याचे पहिले साधन म्हणजे यादी. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातील माहितीवरून बेघर आणि एक किंवा दोन खोल्यांच्या कच्च्या घरांत राहणारी कुटुंबे निवडण्यात आली, आणि ग्रामसभेने तपासल्यानंतर कायम प्रतीक्षायादी तयार झाली. त्या यादीतून पात्र कुटुंबे राहून गेल्याचे दिसून आल्यावर २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस' सर्वेक्षण झाले, आणि पुढे २०२४ च्या आवास प्लस सर्वेक्षणात कुटुंबाला स्वतःही आपली माहिती भरण्याची सोय ठेवण्यात आली. एका यादीतून सुटलेल्यांसाठी पुन्हा पुन्हा सर्वेक्षण करावे लागते, यावरून मोजणी हे काम किती नाजूक आहे ते ध्यानात यावे.

सुटतात ती कुटुंबे कोणती? मराठवाड्यातील आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील गावांचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. या काळात सर्वेक्षक दारावर आला तर त्याला कुलूप दिसते किंवा एखादी वृद्ध आजी भेटते. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते, तेव्हा ही माणसे उसाच्या फडात असतात. ज्यांची घरे सर्वांत कच्ची, त्यांचीच गैरहजेरी ठरलेली! म्हणून अशा गावांनी गृहगरजेची पाहणी मे-जून महिन्यांत करावी आणि यादीवरील चर्चा १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवावी. यासाठी कोणत्याही नव्या अनुदानाची आवश्यकता नाही; गावाचे आपले पंचांग लक्षात घेतले म्हणजे पुरे.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते, तेव्हा कोणत्या घरची माणसे बाहेर गेली आहेत आणि मूल कोणाजवळ राहिले आहे, याची नोंद शाळेत होते. ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना ८, घरांची गणना करते. शाळेचा पट कुटुंबांची गणना करतो. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, तर पटावर मूल आहे पण नमुना ८ मध्ये घर नाही, अशी नावे सहज समोर येतात. तीच गावाच्या गृहगरजेची खरी सुरुवात होय.

दुसरा सुटणारा गट म्हणजे एका छपराखाली राहणारी वाढलेली कुटुंबे. तीन भाऊ, तिघांचे संसार, आणि दोन खोल्या. कागदावर मात्र घर एक. आजची गरज मोजताना पुढील पाच वर्षांत कोणते संसार वेगळे होणार आहेत, याचाही अंदाज घेणे म्हणजे नियोजन. तिसरा गट विधवा, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांचा. माहेरी किंवा सासरी त्या आश्रित म्हणून राहतात आणि स्वतंत्र कुटुंब म्हणून त्यांची नोंद होत नाही. ग्रामसभेत त्यांचे नाव दुसऱ्या कोणी घेईपर्यंत ते यादीत येत नाही.

जागा : सर्वांत कठीण पायरी

यादीत नाव आले, मंजुरीही मिळाली, परंतु नावावर जागा नाही, अशा कुटुंबाची अवस्था सर्वांत केविलवाणी असते. शेजाऱ्याचे घर उभे राहत असते आणि याच्या हातात फक्त मंजुरीचा कागद असतो. रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. मालकाची संमती नसेल तर तेथे पक्की भिंत घालता येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत भूमिहीन लाभार्थ्यांना जागा देण्यास राज्याने अग्रक्रम द्यावा, असे सांगितले आहे. ही जागा कोठून आणावयाची? व्यवहारात तीन वाटा आहेत.

पहिली वाट गावठाण विस्ताराची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये गावठाणाच्या हद्दी ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि कलम २२ अन्वये ताब्यात नसलेली सरकारी जमीन गावठाणासह सार्वजनिक प्रयोजनांसाठी नेमून देता येते. ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा आणि गरजू कुटुंबांची यादी यांसह नीट तयार केलेला प्रस्ताव हे या वाटेचे पहिले पाऊल आहे. नुसत्या 'जागा मिळावी' अशा ठरावाने काम पुढे सरकत नाही. किती कुटुंबे आणि किती गुंठे, हे त्यात असले पाहिजे.

या वाटेवर गायरानाचा प्रश्न हटकून उभा राहतो. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेले पट्टे, त्याचप्रमाणे शाळा, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक सोयी, अशा अपवादात्मक बाबींपुरतीच त्या निकालात सवलत ठेवली आहे. गायरान ही गुराढोरांची आणि पर्यायाने भूमिहीन पशुपालकाचीही मिळकत आहे. म्हणून तिकडे वळण्यापूर्वी इतर पर्याय संपलेले असावेत.

दुसरी वाट आधीच वसलेल्या घरांच्या नियमानुकूलतेची. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने ग्रामीण भागातील शासकीय जमिनींवरील, १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे अटींच्या अधीन राहून नियमानुकूल करण्याचे धोरण जाहीर झाले. अशा कुटुंबाला दुसरीकडे हलविण्यापेक्षा त्याच्या पायाखालची जागा त्याच्या नावावर करणे पुष्कळदा कमी खर्चाचे असते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका देण्यात येत आहेत. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे अशा मोजणीचा प्रारंभिक प्रयोग झाला होता. मोजणीच्या नकाशात कोणती जागा कोणाची हे स्पष्ट होते, त्याचप्रमाणे कोणती जागा कोणाचीच नाही, हेही दिसू लागते. पंचायतीने तो नकाशा या दृष्टीनेही वाचावा.

तिसरी वाट खरेदीची. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आरंभी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळत असे. पुढे ही मर्यादा १ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. तुकडेबंदी कायद्यामुळे इतक्या लहान तुकड्याच्या खरेदीत येणारी अडचणही २०२४ साली नियमांत बदल करून सैल करण्यात आली. मात्र प्रत्येक लाभार्थी एकटा जागा शोधू लागला, की त्याला गावाच्या कडेचा खड्डा किंवा ओढ्याकाठचा तुकडाच मिळतो. पंचायतीने पुढाकार घेऊन एखाद्या जमीनधारकाशी सर्वांच्या वतीने बोलणी केली, तर चित्र पालटते.

हिशेब सोपा आहे. एखाद्या गावात ४० भूमिहीन कुटुंबे आहेत असे धरू. प्रत्येकी ५०० चौरस फूट म्हणजे एकूण २० हजार चौरस फूट, अर्थात १९ गुंठ्यांपेक्षाही कमी. रस्ते, गटारे, अंगणवाडी, पाण्याची टाकी आणि मोकळी जागा यांसाठी तेवढीच जमीन आणखी ठेवली, तरी सारी वसाहत ४० गुंठ्यांत, म्हणजे एका एकरात बसते. शेकडो एकरांच्या शिवारात एक एकर मिळत नाही, असे म्हणणे गावाला शोभणारे नाही. कमतरता बहुधा जमिनीची नसते. कोणी एकाने पुढे होऊन हा हिशेब मांडलेला नसतो.

वसाहत : किल्लारीपासून घेण्याचा धडा

जागा मिळाल्यावर आखणीचा प्रश्न येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे वजनदार छत यांखाली माणसे झोपेत गाडली गेली. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. दुसरीकडे, स्थलांतर न केलेल्या गावांत लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्या हातूनच झाले, आणि कुटुंब व यंत्रणा यांच्यातील दुवा म्हणून गावातील स्त्रियांनी संवाद साहाय्यकांचे काम केले.

नव्या गावांनी सुरक्षित घरे दिली, हे त्या प्रचंड कार्याचे यश होय. परंतु सरळ रेषेतील रुंद रस्ते आणि दूरदूर पसरलेली घरे यांमुळे नळ, गटार व दिवे यांचा पुढील देखभालखर्च वाढला, आणि जुन्या गल्लीतील भाऊबंदांचा शेजारही अनेक ठिकाणी तुटला. छोट्या वसाहतीलाही हाच धडा लागू पडतो. घरे इतकी जवळ असावीत की पंचायतीला नळ आणि गटार झेपावे, आणि इतकी मोकळी असावीत की अंगणात खाट, शेळी आणि चूल यांना जागा राहावी. ज्यांना तेथे राहावयाचे आहे, त्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, जमिनीवर चुना टाकून आखणी पाहिल्याखेरीज पाया खणू नये.

आखणीत आणखी एका गोष्टीचे भान हवे. आपली जुनी गावे जातींच्या वाड्यांनी विभागलेली होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले आणि नवी वसाहत पुन्हा गावकुसाबाहेर, स्मशानाच्या वाटेवर आखली गेली, तर त्या निर्णयाचा हेतू अपुरा राहील. निरनिराळ्या योजनांतील लाभार्थ्यांची घरे एकाच आखणीत शेजारी शेजारी बांधता येतात. निधीचे शीर्ष वेगळे असले म्हणून गल्ली वेगळी करण्याचे कारण नाही.

बांधकाम आणि मालकी

प्रत्यक्ष बांधकामात पंचायतीची जबाबदारी संपत नाही. हप्ता वेळेवर मिळावा यासाठी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र व नोंद वेळेवर होणे आवश्यक असते. वाळूअभावी अडलेली घरे लक्षात घेऊन २०२५ च्या राज्य वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद झाली. ती लाभार्थ्याला ठाऊक करून देणे हे पंचायतीचे काम आहे. ऊसतोड कुटुंबांना घर बांधण्यासाठी उन्हाळ्याचे थोडेच महिने मिळतात, आणि नेमकी तेव्हाच पाण्याची टंचाई असते. गवंडी, साहित्य आणि पाणी यांची एकत्रित व्यवस्था केली, तर एकेकट्या कुटुंबाची ओढाताण वाचते. कर्ज काढून ऐपतीपेक्षा मोठा पाया घालणाऱ्यालाही वेळीच सावध करावे. जोत्यापर्यंत येऊन थांबलेले मोठे घर पावसात कुटुंबाच्या उपयोगी पडत नाही.

घर उभे राहिल्यावर ते कोणाच्या नावावर, याला तितकेच महत्त्व आहे. २००३ साली राज्य शासनाने ग्रामीण घरांची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करण्याचे 'घर दोघांचे' हे धोरण स्वीकारले. नमुना ८ मध्ये पत्नीचे नाव लिहिण्यास दोन मिनिटे लागतात; त्या नोंदीचा आधार तिला जन्मभर राहतो.

पाच वर्षांची एक पत्रिका

या सर्व गोष्टी ग्रामपंचायत विकास आराखड्यात एका पत्रिकेवर मांडता येतील. गावात आज बेघर व कच्च्या घरातील कुटुंबे किती. त्यांपैकी जागा नसलेली किती. पाच वर्षांत नवे संसार किती. कोणत्या गटातून किती गुंठे मिळू शकतात. कोणते कुटुंब कोणत्या योजनेत बसते. आणि पाणी, रस्ता, वीज यांचा खर्च कोणत्या वर्षी कोणत्या निधीतून होणार. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी यादी, ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी जमिनीचा तपशील आणि शिक्षकांनी पट आणावा. तिघे एका बैठकीत बसले, तर पहिला मसुदा त्याच दिवशी तयार होईल. पुढे दरवर्षी त्यात दुरुस्ती करावयाची. अशी पत्रिका ज्या पंचायतीजवळ असेल, तिला नवी योजना जाहीर झाल्यावर धावपळ करावी लागणार नाही, आणि पंचायतीत सत्ता पालटली तरी कोणाचे नाव मागेपुढे करता येणार नाही.

राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतील प्रत्येकीने येत्या ग्रामसभेत एक छोटे काम करावे. प्रतीक्षायादी वाचून झाल्यावर, ज्यांच्या नावावर जागा नाही अशा कुटुंबांची नावे स्वतंत्रपणे मोठ्याने वाचावीत, आणि त्या नावांसमोर कोणत्या महिन्यापर्यंत जागेचा प्रस्ताव तहसील कार्यालयात दाखल होणार, ती तारीख इतिवृत्तात लिहावी. पुढील ग्रामसभेचा आरंभ त्याच इतिवृत्ताच्या वाचनाने व्हावा.